गाळातले अकरा तुकडे

खराडीत मी सहा वर्षं हिरवा रंग सांभाळला. आमच्या कंपनीकडे परदेशातल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं ठेवायचं काम होतं. काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक मोठा पडदा होता, पडद्यावर चाळीसेक ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चौकोन. चौकोन हिरवा असला की सगळं आलबेल. पिवळा झाला की मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. लाल झाला की थेट तिकडून फोन. बिघाड दुरुस्त केला की चौकोन हिरवा होतो, आणि मोजायची पद्धत जराशी इकडची तिकडे केली तरी होतो. दुसरी वाट जवळची होती. ती सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे.

मी मूळची वाशिमकडची. एमसीए करायला पुण्यात आले तेव्हा कर्वेनगरात चौघींच्या फ्लॅटमध्ये राहिले. वर्गातल्या इथल्या मुली मी तोंड उघडलं की, "ए, काय करून राहिली तू?" म्हणून खिदळायच्या. मला राग आला की मी भांडत नाही, कामाला लागते. वर्षभरात मी माझी बोली अशी इस्त्री करून घेतली, की फोनवर आईच म्हणायला लागली, "काहून अशी पेपरातल्यावानी बोलून राहिली वो?" पण चूक पकडली जाण्याची भीती त्या वर्षापासून जी अंगात बसली ती बसलीच. पुढे जे झालं त्यात या भीतीचा वाटा मोठा आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

सातव्या वर्षी मला त्या चौकोनांचा वीट आला. सकाळी सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या रडू यायला लागलं. त्याच सुमारास एका संशोधन संस्थेत प्रोग्रॅमर हवा असल्याचं कळलं. प्रकल्पापुरती नेमणूक, दरवर्षी नवं पत्र. काम सूक्ष्मजीवांचं. ओढ्यातल्या गाळातून डीएनए काढायचा आणि त्यातून तिथल्या जिवाणूंचे जीनोम, म्हणजे एकेकाचा संपूर्ण जनुकसंच, कॉम्प्युटरवर जुळवायचा. मी अर्ज केला. आई म्हणाली, "एसीतली पर्मनंट सोडून चिखलात जाऊन राहिली का?" शब्दशः बरोबर होतं.

प्रकल्प ज्यांचा होता त्या मॅडमना निवृत्तीला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, चष्मा दोरीने गळ्यात. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला बायॉलॉजी कितपत येतं?" मी म्हटलं, "बारावीनंतर काहीच नाही." त्या म्हणाल्या, "उत्तम. म्हणजे चुकीचं शिकलेलं आधी पुसावं लागणार नाही." आठवड्याभरात त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. ते मला बरं वाटलं होतं.

त्यांची कारकीर्द कॉम्प्युटरच्या आधीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, असं त्या सांगायच्या. डीएनएची अक्षरं तेव्हा फिल्मवर यायची. एकीने दिव्यासमोर धरून वाचायची आणि दुसरीने वहीत उतरवायची. दिवसभरात दोन-तीनशे अक्षरं झाली तर दिवस सार्थकी लागला. मी आले तेव्हा मशीन एका फेरीत कोट्यवधी तुकडे वाचत होतं आणि ते हार्ड डिस्कमधून कुरिअरने यायचे. "तेव्हा अक्षरं कमी आणि विचार करायला वेळ भरपूर," त्या म्हणायच्या, "आता उलटं झालंय, म्हणून तुला घेतलं."

गाळ विश्रांतवाडीच्या एका ओढ्याचा होता. मॅडम तिथेच वाढल्या. वडील कारखान्यात, आई घरी. विहाराच्या मागच्या अंगाला ओढा, आणि त्या लहान असताना वस्तीतल्या बायका तिथे कपडे धुवायच्या. पाण्यात खडे दिसायचे, असं त्या सांगत. मी पाहिला तेव्हा त्याच्यावर गुडघाभर पांढरा फेस साचलेला होता. वरच्या बाजूला झालेल्या सगळ्या सोसायट्यांच्या वॉशिंग मशिन्सचा. फेसाखाली काळा गाळ. मॅडमनी वर्षभर दर महिन्याला तिथला गाळ गोळा करून फ्रीझरमध्ये ठेवला होता. त्यांच्या लक्षात आलं होतं की फेस एका वळणानंतर अचानक कमी होतो. तिथल्या गाळात साबण खाणारं कुणीतरी आहे, आणि ते कुठल्याही पुस्तकात नाही, अशी त्यांची खात्री होती.

"पेपर वगैरे होईल तो होईल," पहिल्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या, "मला निवृत्त व्हायच्या आत तो एकदा बाटलीत वाढलेला बघायचाय. एकटा. माझ्या टेबलावर. बस." मागणं एवढंच होतं, आणि ते किती अवघड आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. त्यांना काय खायला हवं, काय सोसत नाही, हे ठाऊक नसतं. ते कळायचा एक मार्ग म्हणजे आधी त्याचा जीनोम मिळवायचा आणि त्यात वाचायचं.

जीनोम कसा मिळवायचा हे मॅडमनी मला भांड्यांवरून समजावलं. सोसायटीत सार्वजनिक जेवण झालं, सगळ्या घरांतून भांडी आली, एकत्र घासली गेली आणि एकच मोठा ढीग झाला. भांड्यांवर नावं कोरलेली नाहीत. आता कुठलं कुणाचं? एक खूण म्हणजे घडण. एका घरची भांडी साधारण एकाच धाटणीची असतात. दुसरी खूण जास्त पक्की. गणपतीच्या जेवणाला कुठली भांडी आली, कोजागिरीला कुठली, कुठली नाही आली, याची नोंद ठेवायची. जी भांडी प्रत्येक वेळी बरोबर येतात आणि बरोबरच गैरहजर असतात, ती एका घरची. डीएनएच्या तुकड्यांचं तसंच. एकाच जिवाणूचे तुकडे ज्या महिन्यात वाढतात त्या महिन्यात सगळे वाढतात, कमी होतात तेव्हा सगळे कमी होतात. त्यावरून प्रोग्रॅम त्यांचे गठ्ठे लावतो.

"आणि गठ्ठा बरोबर लागलाय हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"प्रत्येक घरात पोळपाट एकच असतो," मॅडम म्हणाल्या. "गठ्ठ्यात एकही नसेल तर घर अर्धवट मिळालं. दोन निघाले तर बहुधा दोन घरं मिसळली."

तशी काही जनुकं असतात, प्रत्येक जिवाणूत सहसा एकेकच. ती मोजणारा वेगळा प्रोग्रॅम होता; तो प्रत्येक गठ्ठ्याला दोन आकडे द्यायचा, पूर्णता किती टक्के आणि भेसळ किती टक्के.

हे सगळे प्रोग्रॅम फुकट मिळायचे. जगातल्या कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी पीएचडी करताना लिहिलेले. एक चालवायचा तर त्याच्याआधी दहा दुसरे बसवा, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि लिहिणारा आता नोकरीला लागलेला, त्यामुळे पत्राला उत्तर नाही. गठ्ठे लावणारे मी तीन वापरले आणि तिघांचे गठ्ठे तीन तऱ्हांचे आले. मग त्या तिघांतून चांगला गठ्ठा निवडणारा चौथा. खराडीत मला असलं काही दिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. इथे मात्र मला मजा येत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा मी जे करत होते त्याच्या टोकाला काहीतरी जिवंत होतं.

चौथ्या महिन्यात गठ्ठा नंबर सत्तावीस हाती लागला. साबणाचे रेणू तोडणारी जनुकं त्याच्यात होती. कुठल्याही ज्ञात जिवाणूशी तो नीट जुळत नव्हता. पूर्णता नव्वदीच्या पुढे. भेसळ मात्र आठ टक्क्यांच्या वर.

आता माझी करामत सांगते. निकाल दाखवायला मी एक तक्ता केला होता आणि त्याला रंग दिले होते. मॅडमनी रंग मागितले नव्हते. मला आकड्यांच्या शेजारी चौकोन असल्याशिवाय चैनच पडायची नाही. भेसळ पाच टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा, त्याच्यावर पिवळा. सत्ताविसाचा चौकोन पिवळा होता. दुसऱ्या दिवशी मॅडम तो आपल्या साहेबांना दाखवणार होत्या. पिवळा चौकोन वर जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी गठ्ठा उघडला. दुसरे पोळपाट कुठल्या तुकड्यांवर आहेत ते शोधलं. अकरा तुकडे निघाले. ते काढून टाकले आणि पुन्हा मोजलं. भेसळ एका टक्क्यावर आली, पूर्णता जराच घटली आणि चौकोन हिरवा झाला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. त्या अकरा तुकड्यांवर आणखी काय काय लिहिलेलं आहे, ते मी वाचलं नाही. त्यात आपण लबाडी करतोय असंही वाटलं नाही, हे खरं सांगते. काम नीटनेटकं केल्याचं समाधान होतं.

मॅडमनी तक्ता पाहिला. "हे काल पिवळं होतं ना?"

"साफ केलं, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

त्या साफ गठ्ठ्यावरून मॅडमनी जिवाणूचा स्वभाव वाचायला घेतला. आठ-दहा दिवस त्या कागद पसरून बसायच्या. काय खातो, काय स्वतः बनवतो, काय बाहेरून घेतो. त्यात एक गोष्ट ठळक होती. ऑक्सिजन वापरायची काहीही सोय त्याच्यात दिसत नव्हती. गाळ काळा, हातभर खोलीवरचा, तेव्हा ते पटण्यासारखंही होतं. म्हणजे त्याला हवा चालत नाही. मॅडमनी त्याप्रमाणे बाटल्या लावल्या.

असल्या बाटल्या भरणं हे नाजूक काम असतं. औषधाच्या कुपीसारख्या जाड काचेच्या बाटल्या. आतलं पाणी उकळून हवा घालवायची, वरून नायट्रोजन सोडत राहायचा, रबरी बूच बसवायचं आणि ॲल्युमिनियमचं टोपण आवळायचं. ऑक्सिजनचा लवलेश राहिला तर पाण्यात मुद्दाम घातलेला सूचक रंग गुलाबी होतो. मॅडमच्या बाटल्या कधी गुलाबी झाल्या नाहीत. दर महिन्याला बारा नव्या बाटल्या, ताजा गाळ, खाण्यात थोडा फरक. आणि दर महिन्याला बारा बाटल्या जशाच्या तशा स्वच्छ. वाढ झाली की पाणी गढूळ होतं. रोज सकाळी त्या इनक्युबेटर उघडून एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरायच्या. मी माझ्या जागेवरून बघायचे. बाटली खाली ठेवण्याच्या आवाजावरूनच मला कळायचं की काही नाही.

असे आठ महिने गेले. एकदा त्या चहा पिताना म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय. हात थरथरतो की काय हल्ली." हात त्यांचा अजिबात थरथरत नव्हता. मी म्हटलं, "छे हो मॅडम."

त्यांच्या निवृत्तीला बावीस दिवस राहिले होते. प्रकल्प गुंडाळताना सगळे प्रोग्रॅम कसे चालवायचे हे लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सवड होती म्हणून मी हिवाळ्यातले दोन नवे नमुने घालून सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून चालवलं. नमुने जितके जास्त तितके गठ्ठे पक्के लागतात. सत्तावीस पुन्हा आला, आणि त्याच्यात ते अकरा तुकडे परत येऊन बसले होते. मी दुसरा प्रोग्रॅम लावला, तिसरा लावला. तिघांचं एरवी कशावर एकमत होत नसे, पण यावर झालं. ते तुकडे त्याच घरचे होते. त्या घरात पोळपाट खरंच दोन होते, एवढंच.

मग मी त्या तुकड्यांवर काय आहे ते वाचलं. नऊ तुकड्यांवर काही खास नव्हतं. उरलेल्या दोन तुकड्यांवर ऑक्सिजन वापरायची जनुकं होती, अगदी थोडा, मुश्किलीने मिळणारा ऑक्सिजन ओढून घेणारी. त्याला हवा हवी होती. थोडी, पण हवी होती. आणि मॅडम आठ महिने, कमालीच्या निगुतीने, तिचा कण न कण बाटलीतून बाहेर काढत होत्या.

सकाळचे अकरा वाजले होते, मॅडम पलीकडच्याच खोलीत होत्या, आणि मध्ये दहा पावलांचं अंतर होतं. मी उठले नाही.

का उठले नाही याची कारणं मी तेव्हा स्वतःला फार व्यवस्थित देत होते. आधी पक्कं तपासून घेऊ. मॅडमचा पेन्शनच्या कागदांचा व्याप चाललाय, तो आटपू दे. निरोप समारंभाच्या तोंडावर कशाला. खरं कारण एकच होतं. "साफ केलं, मॅडम" हे वाक्य मी उच्चारलेलं होतं आणि ते मला परत घ्यायचं नव्हतं. नव्या वर्षाचं नेमणूकपत्रही यायचं होतं. मी दर दिवशी तेच तपासत राहिले आणि दर दिवशी उत्तर तेच येत राहिलं. चहाला त्यांच्यासमोर बसायचे आणि मूग गिळून घरी जायचे. एकोणीस दिवस.

निवृत्तीला तीन दिवस उरले असताना मॅडम कपाट आवरत होत्या. जुन्या वह्या, फिल्मचे पिवळे लिफाफे, कुठल्यातरी परिषदेच्या पिशव्या. इनक्युबेटरकडे बोट करून त्या म्हणाल्या, "त्या बारा बाटल्या शनिवारी ऑटोक्लेव्हला टाक. धुऊन ठेव, कुणाला तरी लागतील." ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा मोठा कुकर, आत गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही.

"नको, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच, भराभर, मध्ये थांबले तर पुढे जाता येणार नाही म्हणून. सांगताना माझी इस्त्री केव्हा मोडली मला कळलं नाही. "मीच काढून टाकले होते जी ते तुकडे," मी म्हणत होते, "हिरवं दिसावं म्हणून काढून टाकले होते." मॅडमनी हात पुढे केला. मी त्या तुकड्यांची दोन पानी छापील यादी दिली. त्यांनी चष्मा लावला, स्टुलावर बसून दोन्ही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि त्या दोन तुकड्यांपाशी पेन्सिलीने बारीक टिंब केलं.

"हे कधी कळलं तुला?"

"काल," मी म्हटलं.

इतकं सगळं खरं सांगून झाल्यावर हे एक खोटं कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "हिरवं बघून मीही नाही विचारलं. आता सुया आण." मी सुया आणि सिरिंज आणल्या. खोलीतली हवा त्यांनी जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून सिरिंजमध्ये ओढली आणि सहा बाटल्यांच्या बुचातून थोडी थोडी आत सोडली, एकेक बाटली हलकेच तिरकी करून. सहा तशाच ठेवल्या, तुलनेला. पाणी किंचित गुलाबी झालं. आठ महिने जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला ते स्वतःच्या हाताने करताना त्यांना कसं वाटलं असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तीन दिवसांत काही झालं नाही. चौथ्या दिवशी मॅडम तिथे नव्हत्या.

निरोप समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, समोसा आणि वेफर्स. साहेब बोलले. मॅडम दोनच मिनिटं बोलल्या आणि सगळ्यांना हसवलं. जाताना त्यांनी मला इनक्युबेटरची वही दिली. "रोज सकाळी बघ. उजेडात धर, हलवू नकोस. जे दिसेल तेच लिही. रंग नकोत."

मी रोज बघत होते. ज्या बाईने बारावीनंतर टेस्टट्यूबला हात लावला नव्हता ती मी, सकाळी साडेनऊला एकेक बाटली खिडकीशी धरून उभी राहायचे. वहीत मॅडमचं अक्षर संपून माझं सुरू झालेलं बघवत नसे. हवा सोडल्यापासून बाराव्या दिवशी तिसरी बाटली उचलली आणि खिडकीतलं झाड तिच्यातून नीट दिसेना. मी पुढची उचलली. तीही तशीच. बंद ठेवलेल्या सहा बाटल्यांतून झाड स्वच्छ दिसत होतं. मला पहिल्यांदा आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग, लगेचच, लाज वाटली.

फोनवर मॅडम एवढंच म्हणाल्या, "हात लावू नकोस, येते."

तासाभरात त्या रिक्षाने आल्या. गेटवर सिक्युरिटीची एजन्सी एक तारखेला बदलली होती. नवा माणूस त्यांना ओळखत नव्हता. मी धावत गेले तेव्हा तो अदबीनेच म्हणत होता, "आपण इथे सही करा, मॅडम. कोणाकडे जायचंय तेही लिहा. आधार कार्ड आहे का?" तीस वर्षं ज्या गेटमधून त्या न थांबता आत आल्या, तिथे त्या रजिस्टरवर वाकून लिहीत होत्या. मी त्याला काहीतरी कडक बोलायला गेले. मॅडमनीच मला थांबवलं. "त्याचं काम करू दे त्याला." त्याने दोरीला लावलेला 'अभ्यागत' लिहिलेला पास दिला. त्यांनी तो गळ्यात घातला.

त्यांच्या टेबलावर आता दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप होता. आम्ही मायक्रोस्कोपच्या खोलीत गेलो. मॅडमनी सुईने एक थेंब काढला, काच ठेवली, आणि बसल्या. भिंग फिरवत राहिल्या. मग हात थांबला. मी बाजूला उभी होते. त्या किती वेळ बघत होत्या सांगता येणार नाही.

"सगळे एकसारखे," त्या शेवटी म्हणाल्या. "बारीक, वाकलेले, हलतायत. एकच जात दिसतेय." उठून त्यांनी मला जागा दिली. "बघ. तू त्याला आकड्यांतच पाहिलायस."

मी बघितलं. फिकट उजेडात असंख्य लहानलहान काड्या, स्वल्पविरामाएवढ्या, आपापल्या कामाला लागलेल्या. त्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि समोरचं काही दिसेना.

डोळा न काढताच मी म्हटलं, "मॅडम, मला आदल्या दिवशी कळलेलं नव्हतं. एकोणीस दिवस आधी कळलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदाच्या खाली तारीख छापलेली असते."

म्हणजे त्या दिवशी स्टुलावर बसून वाचतानाच त्यांना समजलं होतं. हवा सोडताना, समारंभात सगळ्यांना हसवताना, मला वही देताना, सगळा वेळ त्यांना ठाऊक होतं. मी उठून उभी राहिले. हिशोब दोघींनाही येत होता. मी त्याच दिवशी दहा पावलं चालून गेले असते, तर बाटली त्यांच्या निवृत्तीच्या दहा दिवस आधी गढूळ झाली असती.

"सॉरी, मॅडम."

"पेपरात माझ्या नावापुढे 'माजी' लागेल, त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "मला माझ्या खुर्चीत बसून बघायचं होतं."

त्या पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकल्या. गळ्यातला पास लोंबकळून काचेवर आपटायला लागला. त्यांनी तो मान तिरकी करून काढला आणि न बघताच माझ्याकडे दिला. मी तो हातात धरून उभी राहिले.